डिलीट करायला सगळे सांगतात, मागे सरकायला कोणी सांगत नाही

आज सकाळी साडेआठच्या सुमारास वडोदऱ्याजवळच्या एका स्टेशनवर बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा रडत होता. स्टेशनचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाच्या नोकरीवर यायला नको. पोराच्या गळ्यात घरातला जुना कॅमेरा, समोर गणवेशातले एक साहेब. "सब डिलीट करो. एक एक करके. मेरे सामने." त्याने एकेक करत ६३ फोटो पुसले. साहेब वर विचारतात, "क्या काम का है ये सब?"

साहेब गेल्यावर मी त्याला एवढंच म्हटलं, "बाळा, आता एकही फोटो काढू नकोस. कार्ड बाहेर काढ." का ते खाली लिहितो. आधी राग निघू दे.

याच फलाटावर लोक पिंका टाकतात, चालतं. पादचारी पूल डोक्यावर असताना रूळ ओलांडून पलीकडे जातात, चालतं. फेरीवाला भरधाव गाडीच्या दारात लटकतो, चालतं. इंजिनाचा नंबर वहीत लिहून फोटो काढणारं पोर मात्र संशयित! माझ्या मित्रयादीत जे आहेत त्यांना या छंदाबद्दल समजावण्याची गरज नाही. तुमच्यातले निम्मे तर लग्नाच्या वरातीतही डब्ल्यूएपी-७ इंजिनाचा भोंगा ऐकून मान वळवणारे.

बरं, एक कबूल करतो. मोठा लवाजमा घेऊन धंद्याचं चित्रीकरण करायचं असेल तर रेल्वेच्या जनसंपर्क खात्याची परवानगी लागते आणि ते योग्य आहे. आणि हो, पोरगा पिवळ्या पट्टीच्या पुढे उभा होता. चांगला दीड फूट पुढे.

तो पुढे का गेला होता, हे साहेबांनी विचारलं नाही. मी कॅमेरा पाहिला. १८-५५ मिलिमीटरची साधी लेन्स, तीही १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद. १८ वर समोरचं सगळं लांब गेल्यासारखं दिसतं, म्हणून नवखा माणूस 'इंजिन मोठं दिसू दे' म्हणत पाय पुढे टाकतो. मग फोटोत काय येतं? इंजिनाचं नाक बटाटेवड्यासारखं फुगलेलं, मागचे डबे काड्यापेटीएवढे, खांब आत कललेले. जीव धोक्यात घालून काढलेला फोटो फोटो म्हणूनही वाईटच असतो. त्याला कोणी सांगायला हवं होतं: चाळीस पावलं मागे जा आणि लेन्स ५५ वर फिरव. बस्स. नाक नाकाएवढं राहतं, डबे एकामागे एक दाटून येतात, गाडीला वजन येतं. २०० ची लेन्स असेल तर आणखी मागे.

आणि मुळात त्या फलाटावरून काढूच नये. गाडी ज्या फलाटाला लागते तिथून फोटो घेतला की चाकं दिसत नाहीत, फलाटाची कड बोगी अर्ध्यात कापते. समोरच्या फलाटावर जा. मध्ये एक रिकामा मार्ग असला की रुळापासून पॅन्टोग्राफपर्यंत (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) अख्खं इंजिन दिसतं, आणि तुम्ही गाडीपासून आपोआप लांब असता. धोका एकच, ऐन वेळी मधल्या मार्गावर मालगाडी आडवी येते. येऊ दे. दुसरी गाडी येतेच. वळणावरचा फलाट असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहा, शेवटच्या डब्यापर्यंत गाडी दिसते. बाहेरच्या बाजूने फक्त तोंड दिसतं, बाकी गाडी स्वतःच्याच पोटामागे लपते.

सूर्य पाठीशी, एका खांद्यावर. आपल्याकडे मुंबईची लाइन साधारण दक्षिणोत्तर. म्हणजे सकाळी गाडीची सयाजीगंजकडची (पूर्वेची) कूस उजळते, संध्याकाळी अलकापुरीकडची (पश्चिमेची). दुपारी बारा ते तीन घरी बसा आणि सेव-उसळ खा. ऊन डोक्यावर असताना इंजिनाखालचा भाग कोळशासारखा काळा येतो आणि मग लोक कॅमेऱ्याला दोष देतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली असतो, तेव्हा चाकांपर्यंत उजेड पोचतो. पावसाळ्यात हवा धुतलेली असते, पण एसी गाडीतून उतरल्या-उतरल्या कॅमेरा बाहेर काढलात तर काचेवर वाफ धरणार. पिशवीतच अर्धा तास राहू द्या. पुसत बसू नका, पुन्हा धरते.

आता आकडे, कारण पोराने मला विचारलं, "काका, माझा फोटो हलतो का?"

ताशी १३० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ३६ मीटर जाते. १/२५० सेकंदाच्या शटरला फोटो होईपर्यंत ती १४ सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. १/१००० ला साडेतीन. म्हणून धावत्या गाडीला १/१००० च्या खाली जाऊ नका, अगदी समोरून तिरकी येत असेल तर १/५०० चालून जातं. सकाळच्या स्वच्छ उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००, शटर १/१०००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ५.६ इथून सुरुवात करा. आणि हे मॅन्युअलवर, ऑटोवर नाही. ऑटोवर सगळं ठीक दिसत असतं, मग वळणावरून हेडलाइट समोर आला की कॅमेरा घाबरतो आणि बाकी सगळं अंधारात ढकलतो. गाडी येण्याआधी, तशाच उन्हात असलेल्या खडीवर नाहीतर गवतावर उजेडाचं मोजमाप घ्या, आकडे बसवा आणि मग हात लावू नका. वंदे भारतचं पांढरं नाक असेल तर दोन क्लिक कमी करा, नाहीतर नाकाच्या जागी पांढरा डाग येतो.

फोकससाठी सलग फोकस, मधला एकच बिंदू, इंजिनाच्या समोरच्या काचेच्या खालच्या कडेवर. त्याहून सोपी युक्ती म्हणजे ओव्हरहेड वायरचे खांब. प्रत्येकावर किलोमीटर आणि खांबाचा नंबर लिहिलेली पाटी असते. हव्या त्या खांबावर आधीच फोकस लावून ठेवा, नाक त्या खांबाशी आलं की दाबा. एक मेमू (विजेवरची लोकलसारखी गाडी) आधी जाऊ द्या आणि तिच्यावर तालीम करा: जवळचा खांब इंजिनाच्या तोंडातून उगवलेला तर दिसत नाही ना? दिसत असेल तर दोन पावलं इकडे-तिकडे. नव्वद टक्के चांगले फोटो या दोन पावलांत असतात (आकडा माझ्या मनाचा, भांडू नका).

गाडीवरची एलईडीची पाटी फोटोत अर्धीच का येते, हे मला दर महिन्याला कोणीतरी इनबॉक्समध्ये विचारतं. ते दिवे अखंड पेटलेले नसतात, फार वेगाने उघडझाप करत असतात. १/१००० ला त्यातले अर्धे विझलेल्या क्षणी सापडतात. गाडी उभी असताना १/१२५ किंवा त्याहून हळू शटरवर घ्या, गाडीचं नाव पूर्ण येतं. धावत्या गाडीत पाटीही हवी आणि इंजिनही स्थिर हवं, असा हट्ट धरायचा नाही.

पादचारी पुलावरून काढायचा तर जाळीला लेन्स अगदी टेकवा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, जाळी विरघळून जाते. पण जाळीतून सेल्फी स्टिक बाहेर काढायची नाही. खाली २५,००० व्होल्ट आहेत, तारेला हात लागायची वाट ते बघत नाहीत. तारेपासून किमान दोन मीटर लांब, तुम्ही आणि तुमची काठी, दोघंही. फ्लॅश कधीच नाही, लोको पायलटच्या डोळ्यात जातो. आणि भडक लाल शर्ट घालून रुळाजवळ हात हलवू नका. लाल म्हणजे थांबा, हे त्याच्या हाडात मुरलेलं असतं.

हे लिहिताना राग दुसरीकडे वळला. त्या पोरापेक्षा दहा वर्षांनी मोठे जे आहेत, रुळांच्या मधोमध उभं राहून मागून येणाऱ्या गाडीसह रील काढणारे, त्यांच्यामुळे साहेबांचं डोकं असं झालंय. रेल्वे कायद्याचं कलम १४७: हद्दीत घुसलात तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये! एवढ्यात त्यांचा रिंग लाइटही येत नाही. विजेवरची गाडी किती शांतपणे येते हे यांना ठाऊकच नाही. फाटकाआधी 'सी/फा' (सीटी/फाटक) लिहिलेली पिवळी पाटी असते, तिथे लोको पायलट भोंगा वाजवतो. ती पाटी तुमच्या मागे असेल तर भोंगा होऊन गेलेला असतो आणि तुमच्या कानात इअरफोन असतात. साहेब, यांना पकडा ना. यांना पकडायला उन्हात चालावं लागतं. पोरगं फलाटावरच हाताशी सापडतं.

पुन्हा तेच आठवतंय. "क्या काम का है ये सब?"

साहेब, काम सांगतो. आपल्या डभोई-मियागाम मार्गावर १८६२ साली गायकवाडांच्या राज्यात अडीच फुटी रुळांवरून गाडी निघाली, तेव्हा ती बैल ओढत होते, कारण रूळ इंजिनाचं वजन पेलण्याइतके दणकट नव्हते. ते बैल कसे जुंपत, जू कुठे अडकवत, हाकणारा कोणत्या बाजूने चाले, याचा एक फोटो मिळाला तर मी घर गहाण टाकीन. पुढे डभोई हे छोट्या रुळांचं केवढं मोठं जंक्शन झालं! आज तिथून एकतानगरला ब्रॉडगेजवरून जाता येतं, चांगली गोष्ट आहे, मीही जातो. पण छोट्या गाडीचं जे काही आज बघायला मिळतं ते कोणीतरी रिकामटेकड्याने रविवारची झोप मोडून काढलेलं आहे. तेव्हा त्यालाही कोणीतरी हेच विचारलं असणार.

पुलांचंही तेच. ९ जुलै २०२५ ला मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळला, पाद्रा-आणंदकडचा, १९८५ चा. त्यावरून मी कितीदा गेलोय, आणि माझ्याकडे त्याचे सूर्यास्ताचे फोटो आहेत. नुसते सूर्यास्ताचे! तेव्हापासून पुलाचा फोटो काढायचा तर सांधा आणि बेअरिंगचाही काढतो, लांब लेन्सने, थांबायला मुभा असलेल्या जागेवरून, दर वर्षी त्याच ठिकाणी उभं राहून, तारखेसह. फोटोंनी पूल वाचत नाहीत, माहीत आहे. तरी काढतो.

आणि विश्वामित्री नदीवरचा पूल काढायला पाण्याच्या काठी उतरणाऱ्यांनो, मगरी शोभेच्या नाहीत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये आल्या होत्या, विसरलात? ट्रायपॉड लावून पाण्याकडे पाठ करून अर्धा मिनिट स्थिर उभं राहणं म्हणजे ताट वाढणं आहे. वरूनच काढा, रस्त्याच्या पुलावरून.

विमानांचं थोडक्यात. हवाई दलाच्या भिंतीकडे कॅमेरा वळवायचा नाही, तिथे मी साहेबांच्या बाजूने आहे. हरणीच्या विमानतळाच्या बाजूला, बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरून, प्रवासी विमान टिपायचं तर जेटला १/१०००, पण पंख्याच्या एटीआर विमानाला १/१२५ ते १/२५०. त्याहून वेगवान शटर लावलंत तर पंखे गोठतात आणि विमान आकाशात खिळ्याला टांगल्यासारखं दिसतं. फोनने काढलंत तर पाती केळ्यासारखी वाकतात, कारण फोन चित्र एकदम न घेता ओळीओळीने वाचतो. सकाळी नऊनंतर धावपट्टीवरची हवा उकळते, मग लाखाची लेन्सही पाण्यातून बघितल्यासारखी दिसते.

आता कार्ड. कॅमेऱ्यात डिलीट दाबलं की फोटो जात नाही. कार्डाच्या यादीतली त्याची जागा 'रिकामी' म्हणून नोंदली जाते, एवढंच. नवा फोटो येऊन त्या जागेवर बसेपर्यंत जुना तिथेच पडून असतो. म्हणून पहिली गोष्ट, पुढे एकही फोटो काढायचा नाही. कार्ड बाहेर काढून बाजूची बारीक खिट्टी 'लॉक'कडे सरकवायची. घरी कार्ड रीडरने संगणकाला जोडायचं, फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवायचं, पूर्ण कार्ड तपासायला लावायचं आणि सापडलेलं संगणकावर उतरवायचं, त्याच कार्डावर कदापि नाही. फायलींची नावं जातात, फोटो राहतात. हे मी एका चिठ्ठीवर लिहून पोराला दिलं. खाली माझा नंबर. तो म्हणाला, "पण काका, साहेब गेल्यावर मी दोन काढले."

आत्ता रात्री साडेनऊला त्याच्या बाबांचा फोन आला. साहेबांबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. ६३ पैकी ६१ धड आले. एक पूर्ण गेला. एक अर्धा आलाय, तो त्यांनी मला पाठवला. वरच्या अर्ध्या भागात तारेला टेकलेला पॅन्टोग्राफ, त्यावर बसलेली ठिणगी, मागे आठ वाजताचं ऊन. खालचा अर्धा करडा.

१८ वरच काढलाय.