युद्धाचा फोटो दिसताच 'बनावट!' कसं ओरडावं

परवा पुतण्याला इवो जिमाचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या त्या जपानी बेटावर झेंडा रोवणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा फोटो दाखवत होतो. सहा सैनिक, एक खांब, वर फडफडणारा झेंडा. पोरगं वाकून हात मोजत होतं. तेवढ्यात मागून एक स्नेही डोकावले आणि चष्मासुद्धा न लावता म्हणाले, "पोझ देऊन काढलाय हो तो, सगळ्यांना माहितेय." पोराने पुस्तक मिटलं. माझी मलाच लाज वाटली, उगाच इतकी वर्षं फोटो निरखत बसलो! ही विद्या तुम्हालाही यावी, म्हणून चार युक्त्या.

पहिली: फोटो बघू नका. बघितला की प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडले की ठासून बोलता येत नाही.

दुसरी: फोटो चांगला आला असेल तर तो खोटाच.

तिसरी: एक खरं उदाहरण कायम खिशात ठेवा. सोव्हिएत फोटोग्राफर खाल्देईचं उत्तम. 1945, बर्लिन, राइशस्टाग या जर्मन संसदेच्या इमारतीवरचा लाल झेंडा. तो त्याने टेबलक्लॉथचा शिवून घेऊन सोबत नेलेला, आणि एका सैनिकाच्या मनगटावरचं जादा घड्याळ मागाहून खरवडलेलं. एवढं सांगितलं की जगातले बाकीचे फोटो आपोआप खोटे पडतात.

चौथी, आणि सगळ्यात मोलाची: ऐकीव गोष्ट कुठून निघाली ते शोधू नका. शोधलं तर पंचाईत होते. 23 फेब्रुवारी 1945 ला इवो जिमाच्या सुरिबाची डोंगरावर फोटोग्राफर रोझेन्थालने टिपलेला झेंडा दुसरा होता, हे खरं. पहिला लहान पडला म्हणून मोठा आणला. मग त्याने झेंड्याखाली सैनिकांना उभं करून एक ग्रुप फोटोही काढला. पुढे कोणीतरी विचारलं, "पोझ द्यायला लावली होती का?" त्याला वाटलं, ग्रुप फोटोबद्दल विचारतायत. म्हणाला, हो. झालं! त्या एका 'हो'पायी बिचारा मरेपर्यंत खुलासे देत बसला. शेजारी जेनॉस्ट नावाचा सैनिक तोच क्षण रंगीत फिल्मवर घेत होता. त्यात कोणी थांबत नाही, कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. ती फिल्म आजही बघता येते. पण बघायची कोणी? आपल्याला तर आधीच माहितेय ना!

पाचवी (चार म्हटलं होतं, असू दे): सोबतीला मोठी माणसं आहेत. 1972 मध्ये नापामच्या आगबॉम्बने भाजून धावत सुटलेल्या व्हिएतनामी पोरीचा फोटो बघून अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनाही शंका आली होती, हे जुळवून तर आणलं नसेल? त्यांचं बोलणं टेपवर आहे.

आता पुरे. शंका घ्या ना, कोण नको म्हणतंय? ब्रिटिश फोटोग्राफर फेंटनचे 1855 चे क्रिमियाच्या युद्धातले दोन फोटो आहेत. एकात रस्त्यावर तोफगोळे, दुसऱ्यात रस्ता मोकळा. आधीचा कुठला, हे उतारावरून घरंगळलेल्या बारक्या दगडांवरून शोधून काढलं. फोटोग्राफर कापाने स्पेनच्या यादवी युद्धात टिपलेला कोसळणारा सैनिक सेर्रो मुरियानो गावाजवळचा म्हणून सांगितला जायचा. मागची डोंगररांग जुळवल्यावर जागा एस्पेहो या दुसऱ्याच गावाजवळची निघाली. याला म्हणतात शंका. फोटोग्राफर गार्डनरने 1863 मध्ये, अमेरिकन यादवी युद्धात, गेटिसबर्गच्या रणांगणावर एका सैनिकाचं प्रेत ओढत नेऊन दगडांच्या आडोशाला मांडलं. लबाडीच ती. पण तो पोरगा मेलेलाच होता की नाही?

आणि तुम्ही? त्या झेंडेवाल्या सहांतले तिघे महिन्याभरात त्याच बेटावर मेले. जेनॉस्टही तिथेच गेला. तीही पोझ का? पुढच्या वेळी आधी चष्मा लावा, फोटो बघा, मग तोंड उघडा. तेवढं जमत नसेल तर गप्प बसा. पोराला हात मोजू द्या.