‘एकवीस दिवसांत दुःखमुक्ती’: ग्रुपवर फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. कुणाच्या घरी माती झाली की तो हमखास येतो, कधी कधी रक्षाविसर्जनाच्याही आधी. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: शोक म्हणजे शरीरात साचलेला ‘आम’ (न पचलेल्या अन्नाचा दूषित अंश), तो पंचकर्माने, म्हणजे आयुर्वेदातल्या पाच शोधन-उपचारांनी, धुऊन निघतो. निवासी आयुर्वेद शिबिरात २१ दिवसांत माणूस दुःखातून मोकळा होतो. त्यासाठी त्याला रडणाऱ्या नातेवाइकांच्या गराड्यातून लवकरात लवकर बाहेर काढावं. झोपेच्या आणि डिप्रेशनच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद कराव्यात. आणि हे सगळं चरक-वाग्भट या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथकारांनी लिहून ठेवलेलं आहे.

आमच्या घरात आजही सर्दी-तापाला आधी काढा उकळतो. बेळगावात शहापूरला आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासून चालू आहे. या भागात आयुर्वेदावर लोकांचा विश्वास आहे आणि तो असावा असंच मला वाटतं. त्या विश्वासाच्या जोरावर ग्रंथांच्या नेमकं उलट काही खपवलं जातंय, आणि तेही माणूस सर्वांत हतबल असताना, म्हणून हे लिहायला बसलो.

‘शोकाचा आम होतो, पंचकर्माने तो निघतो.’

चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितलंय की मोजकं आणि पथ्याचं अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध, अवघड अंथरूण आणि जागरण यांमुळे पचत नाही. आम होतो तो त्या न पचलेल्या अन्नाचा. शोक स्वतः कुठे पेशीत जाऊन बसत नाही. मग यातून निघणारा सल्लाही साधा आहे: पेज, मऊ भात, मुगाचं वरण असं हलकं खायला द्या, झोपेची सोय बघा.

त्याच ग्रंथात अतिसाराचे (जुलाबांचे) सहा प्रकार दिलेत आणि त्यांतला एक शोकाने होणारा आहे. पोट बिघडलेल्या या माणसावर चरकाने काय उपाय सांगितला? वात शमवणारे उपचार, आणि सोबत हर्षण व आश्वासन. म्हणजे त्याचं मन प्रसन्न होईल असं करा, त्याला धीर द्या. शोकाने आलेल्या तापालाही पुन्हा धीरच सांगितलाय. उलट वमन, म्हणजे औषधाने उलटी करवणं, कुणाला देऊ नये याची सिद्धिस्थानातली यादी उघडून बघा. त्यात दुबळा, वृद्ध, उपाशी, थकलेला आणि चिंतेत बुडालेला माणूस आहे. सुश्रुत या दुसऱ्या ग्रंथकाराच्या यादीत तर बस्ती (औषधी एनिमा) न देण्याजोग्या लोकांत शोकग्रस्ताचा स्पष्ट उल्लेख आहे. नवरा किंवा पोर गेलेल्या बाईला आठवडाभर धड घास गेलेला नसतो, डोळा लागलेला नसतो. वरच्या यादीतली निम्मी कारणं तिला एकटीला लागू पडतात.

माझ्या नात्यातल्या एका वहिनींना दादा गेल्यावर महिन्याभरातच अशा एका शिबिरात नेलं होतं. विरेचनाच्या, म्हणजे जुलाब देण्याच्या, आधी स्नेहपान असतं, म्हणजे रोज सकाळी औषधी तूप प्यायचं आणि दर दिवशी मात्रा वाढवत न्यायची. निरोगी, भूक असलेल्या माणसालाही ते जड जातं. वहिनींना घरी भाताचा वास सहन होत नव्हता. कोमट तुपाची वाटी हातात धरून त्या नुसत्या बसून राहायच्या, मग डोळे मिटून घोटायच्या आणि तासाभरात ओकायच्या. ‘साचलेलं बाहेर पडतंय, चांगली खूण आहे,’ असं त्यांना सांगितलं गेलं. विरेचनाच्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. भुवईवर टाके घेऊन घरी आल्या, आणि त्यानंतर कितीतरी दिवस म्हणत राहिल्या, ‘माझंच काहीतरी चुकलं, मला ते जमलं नाही.’ दुःखात असलेल्या माणसावर हे आणखी एक ओझं कशाला?

‘२१ दिवसांत मोकळं व्हा.’

हा आकडा कुठल्याच शास्त्राचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगसूचीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, लांबलेला शोक हा विकार म्हणून नोंदला आहे. पण त्यासाठी किमान सहा महिने जावे लागतात, आणि समाजात जेवढा काळ दुःख धरतात त्याच्याही पलीकडे ते रोजचं जगणं अडवत असावं लागतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत मोठ्या माणसांसाठी ही मुदत वर्षाची आहे. आपल्याकडेही वर्षश्राद्धापर्यंत घर दुखवट्यात आहे असंच धरतात. तिसऱ्या आठवड्यात रडणारी बाई आजारी नसते.

‘रडणाऱ्यांच्या गराड्यातून बाहेर काढा.’

या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण नुकसान इथे सर्वांत जास्त होतं.

चरकाच्या सूत्रस्थानात कोणते वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मी, अडवू नयेत यावर एक अख्खा अध्याय आहे. मल, मूत्र, शिंक, जांभई यांच्या ओळीत अश्रूही आहेत. अश्रू दाबले तर सर्दी, डोळ्यांचे विकार, हृदयाचे विकार, अरुची आणि भ्रम (चक्कर) होतो, असं तिथे म्हटलंय. उपाय तीन दिलेत: झोप, मद्य आणि आवडत्या गोष्टी ऐकवणं. (मद्याचा सल्ला आज कुणीही घेऊ नये. दुःखात बाटलीला लागलेले पुरुष आपल्या प्रत्येक गावात आहेत.) त्याच अध्यायात लोभ, भय, क्रोध यांच्यासोबत शोकाचाही वेग आवरावा असं पुढे येतं, आणि मजकूर पसरवणारे तेवढंच उचलतात. दोन्ही वचनं एकत्र वाचली तर अर्थ सरळ आहे: डोळ्यांतलं पाणी अडवू नका, पण माणूस शोकात वाहून जाऊ नये म्हणून त्याला धरून ठेवा. हे धरून ठेवणारे हात कुणाचे असतात?

येळ्ळूर-कडोलीकडच्या कुठल्याही घरात बघा. माती झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारच्या घरातून पिठलं-भात येतो, कुणी भाकरीची चवड फडक्यात बांधून आणतं. एक जण जोर करून ताट पुढे ठेवते, ‘दोन घास घे की गं, पोरं तुझ्या तोंडाकडं बघायलीत.’ रात्री जाऊ नाहीतर नणंद शेजारी अंथरूण टाकते. चार-पाच दिवसांनी कुणीतरी तेलाची वाटी घेऊन मागे बसते, गुंतलेले केस सोडवत राहते, आणि त्या बोटांखाली पहिल्यांदा त्या बाईचा खांदा सैल पडतो. गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात, मधेच कुणी हसतं, पुन्हा रडू येतं. झोप, तेल, हलकं अन्न, आवडत्या गोष्टी, धीर. ग्रंथातलं सगळं त्या सोप्यात हजर असतं, आणि ते करणारी माणसं गेलेल्याला ओळखत असतात.

आता खरं तेही सांगायला हवं. या गराड्यात काटेही असतात. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, ‘तुझ्याच नशिबात नव्हतं’ हे बोलणं, बाराव्याच्या आधीच निघालेली वाटणीची भाषा. काही बायकांना घर सोडून कुठेतरी जावंसं वाटतं ते याच्यामुळे, आणि त्यांचं चुकत नाही. पण त्यावर इलाज घर बदलण्याचा आहे. आपल्या चिकोडी-निपाणीपासून फार लांब नाही अशा शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र सरकारने तो इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. सीमेच्या या बाजूच्या गावांना तसा ठराव करायला कुणी अडवलेलं नाही. बाईला तीन आठवडे दूर ठेवून परत त्याच बोलण्यात आणून सोडलं तर तिला काय मिळालं?

आणि भाषेचं काय? खानापूरच्या जंगलपट्टीतली बाई मराठी किंवा कोकणी बोलते. शिबिरातला समुपदेशक इंग्रजी-हिंदीत बोलणार, मसाज करणाऱ्या मुलींना मल्याळम येणार. नवऱ्याचं शेवटचं आजारपण ती कुणाला आणि कोणत्या शब्दांत सांगणार?

‘गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करा.’

हे वाक्य सर्वांत धोक्याचं आहे. त्यातला खरा भाग आधी मान्य करतो: शोकावर गोळी नाही. लांबलेल्या शोकावर अमेरिकेत जे चांगले प्रयोग झाले, त्यांत २००५ साली शोकासाठीच आखलेली बोलण्याची उपचारपद्धती परिणामकारक ठरली. २०१६ च्या प्रयोगात तिच्या जोडीला डिप्रेशनची गोळी दिली, तेव्हा शोकात फारसा फरक पडला नाही. पण सोबत जे डिप्रेशन होतं ते जास्त कमी झालं. म्हणजे ज्याला डिप्रेशन आहे त्याला गोळीचा उपयोग आहे, आणि कुणाला ते आहे हे डॉक्टरने ठरवायचं असतं.

या गोळ्या एकदम तोडल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं, अंगात विजेसारखे झटके असे त्रास होतात. झोपेच्या काही गोळ्या बरेच दिवस घेऊन अचानक थांबवल्या तर फिट येऊ शकते. आणि हा सगळा त्रास पुन्हा ‘विष बाहेर पडतंय’ म्हणून खपवला जातो. बीपीच्या, साखरेच्या गोळ्याही याच भरात बंद केल्या जातात. हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्या सुमारे २००० रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास २०१२ साली आला. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत झटक्याचा धोका नेहमीच्या २१ पट असतो, असं त्यात दिसलं. दुखवट्यातल्या माणसाच्या छातीत कळ आली तर आधी ईसीजी काढा, तेल नंतर लावा.

‘आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी’ हेही खरं नाही. इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं २००८ साली तपासली गेली, तेव्हा पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पुडीत काय आहे हे लेबलावर नसेल तर ती घेऊ नका.

‘हे सगळं ग्रंथांत आहे.’

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात मनाच्या दोषांवरचं श्रेष्ठ औषध सांगितलंय: धी (बुद्धी), धैर्य आणि आत्मादि विज्ञान, म्हणजे स्वतःला ओळखणं. चरकाने उपचारांच्या तीन मार्गांत सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितापासून आवरणं, हा वेगळा मार्गच ठेवला. शिबिरांत दाखवली जाणारी शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची धार, हिने बरं वाटतं, पण ती पंचकर्मातल्या पाच कर्मांत मोडत नाही.

तरीही कुणाला जायचं असेल तर? तीन-चार वर्षं अंथरुणावरच्या माणसाची सेवा करून जी बाई स्वतः मोडली आहे, तिला काही महिन्यांनी आठ-दहा दिवसांची विश्रांती, वेळेवर जेवण, अभ्यंग आणि शांत झोप मिळाली तर ती मिळालीच पाहिजे. जाण्याआधी एवढं विचारा: नोंदणीकृत वैद्य तिथे मुक्कामाला असतात का, घरचं एक माणूस सोबत राहू शकतं का, तिच्याशी मराठीत बोलणारं कुणी आहे का, चालू गोळ्या तशाच ठेवणार का, आणि अर्ध्यावर परतलं तर पैसे मिळतात का. ‘दुःख पूर्ण जाईल’ अशी हमी कुणी दिली तर तिथे जाऊ नका. आणि कर्ज काढून तर मुळीच नाही.

सहा महिन्यांनंतरही माणूस त्याच दिवसात अडकून असेल, खाणंपिणं, शेत, दुकान सुटलं असेल, तर मनोविकारतज्ज्ञ गाठा. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, डिमहान्स. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. ‘मलाही त्यांच्याकडेच जायचंय’ असं कुणी म्हणू लागलं तर सहा महिने थांबू नका. त्याच दिवशी फोन लावा, घरातली कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि रात्री त्या माणसाला एकटं झोपू देऊ नका.