हक्कच देऊ नका, सूचना पुरत नाहीत

एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीने स्वतः कामं करणाऱ्या प्रोग्रामला, 'आधी मला विचार, मग बदल कर' अशी स्पष्ट सूचना दिली की पुरे, हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. जुलै 2025 मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एजंटने उद्योजक जेसन लेमकिन यांचा चालू डेटाबेस पुसला, तेव्हा काहीही बदलू नकोस असं त्याला बजावलेलंच होतं. वर डेटा परत मिळणार नाही असंही त्याने सांगितलं. प्रत्यक्षात रोलबॅक, म्हणजे आधीच्या स्थितीवर परत जाणं, चाललं.

पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये एजंटसाठी वेगळा युजर काढून त्याला फक्त सिलेक्टचा, म्हणजे वाचण्याचा, हक्क द्या. मग त्याने डिलीट चालवलं तरी 'परमिशन डिनाइड' एवढंच हाती लागतं, प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे त्याला दिलेल्या सूचनेत, काहीही लिहिलेलं असो. पण घाईत लोक डेव्हलपरचंच टोकन, म्हणजे त्याच्या खात्याची चावी, देऊन मोकळे होतात, आणि त्या टोकनला बहुतेकदा सगळीकडे लिहायची मुभा असते. एजंटला बाहेरची साधनं जोडणाऱ्या एमसीपी या पद्धतीत एखादं साधन फक्त वाचतं असं सांगणारी 'रीड ओन्ली' ही खूणही सर्व्हर स्वतःच लावतो, अनोळखी सर्व्हर असेल तर तिच्यावर विसंबू नये.

दर पावलाला परवानगी मागणं हाही अर्धाच उपाय. थोड्या वेळाने माणूस न वाचता 'अलाउ' दाबत सुटतो. डिलीट, डिप्लॉय (नवा कोड चालू यंत्रणेवर चढवणं), पैसे पाठवणं, बाहेर ईमेल जाणं, एवढ्यासाठीच विचारणा ठेवा. निदान ती वाचली तरी जाईल.