युद्ध संपलं होतं, मग आपले जवान सुराबायात का मेले?

ऑगस्ट आला की हिरोशिमा-नागासाकीच्या पोस्ट फिरायला लागतात. जपान शरण आला, दुसरं महायुद्ध संपलं, शाळेच्या पुस्तकातला धडाही तिथंच संपतो. पण सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागातनं भरती झालेल्या कितीतरी जवानांची लढाई तेव्हा संपलीच नव्हती, ती इंडोनेशियातल्या सुराबायात चालू राहिली, आणि हे आपल्याकडं जवळपास कुणाला माहीतच नाही याचा मला खरंच त्रास होतो.

इटलीतलं आपण निदान थोडंफार सांगतो. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातनं आणि सुरुंग पेरलेल्या बांधावरनं सुखरूप आणलं, परत फिरले आणि शत्रूच्या मशीनगनची ठाणी गप्प केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २ मेला इटलीतली लढाई थांबली. या गोष्टीचा अभिमान मलाही आहे.

पण त्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुठं होते? जावा बेटावर, सुराबाया शहरात. १५ ऑगस्टला जपाननं शरणागती जाहीर केली, १७ ऑगस्टला तिथले नेते सुकार्नो आणि हट्टांनी इंडोनेशिया स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. डचांना मात्र आपली वसाहत परत हवी होती, आणि त्यांच्याकडं तिथं सैन्य नव्हतं. मग ब्रिटिशांनी कुणाला पाठवलं, तर आपल्यांना. सांगायला कारण होतं जपानी सैन्याची शस्त्रं काढून घ्यायची आणि छावण्यांमधले डच कैदी, बायका-मुलं सोडवायची. ते काम खरंही होतं आणि गरजेचंही होतं, मी नाकारत नाही. पण त्या कामाच्या आडून डच राज्य परत येतंय हे तिथल्या लोकांना दिसत होतं आणि त्यांना आपले जवान डचांचे पहारेकरीच वाटणार, दुसरं काय वाटणार?

२५ ऑक्टोबरला ४९ वी भारतीय ब्रिगेड सुराबायात उतरली. तिचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबीनं स्थानिक नेत्यांशी बोलणी करून जवानांच्या छोट्या छोट्या तुकड्या शहरभर ठेवल्या. लढाईची तयारी म्हणून नाही, नुसता पहारा म्हणून. आणि २७ ला वरनं ब्रिटिशांच्याच विमानातनं पत्रकं टाकली गेली की सगळ्यांनी शस्त्रं खाली ठेवा. मॅलबीनं नेत्यांना दिलेला शब्द एका कागदानं मोडला! २८ ला अख्खं शहर उठलं. प्रत्येक तुकडी वेगळी अडकलेली, एकमेकांपर्यंत पोचायची सोय नाही. डच बायका-मुलांना घेऊन चाललेल्या ट्रकच्या ताफ्यावर हल्ला झाला, सोबतचे आपले जवान गोळ्या संपेपर्यंत लढले. सुकार्नोंना बोलावून युद्धबंदी केली, पण ३० ला मॅलबीच मारला गेला, आणि १० नोव्हेंबरला ५ वी भारतीय डिव्हिजन जहाजांच्या तोफा आणि विमानांच्या साथीनं शहरावर चालून गेली. जवळजवळ तीन आठवडे लढाई चालली, इंडोनेशियाचे हजारो लोक गेले. ते लोक १० नोव्हेंबर आजही वीर दिन म्हणून पाळतात. त्यांच्याविरुद्ध उभे होते आपले शेतकऱ्यांचे पोरगे, ज्यांना घरी जायचं होतं.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. ५ नोव्हेंबरला लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि पाच दिवसांनी सुराबायावर चढाई. म्हणजे इकडं स्वातंत्र्य मागणाऱ्याला आरोपी केलं आणि तिकडं दुसऱ्याचं स्वातंत्र्य दडपायला आपलेच हात वापरले. व्हिएतनाममधल्या सायगावातही तेच चाललं होतं, तिथं फ्रेंचांसाठी. नेहरूंनी याला उघड विरोध केला होता, पण फौज कुठं जायची हे आपल्या हातात होतंच कुठं.

आणि म्हणूनच मला मुंबईच्या नौसैनिकांबद्दल फार आदर आहे. १८ फेब्रुवारी १९४६ ला 'तलवार' या नौदलाच्या तळावर संप सुरू झाला. आपल्याला सांगतात की जेवण वाईट होतं, शिव्या देत होते. होतं तसं. पण त्यांच्या मागण्यांमध्ये आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका होती आणि इंडोनेशियातनं भारतीय फौज परत बोलवा हीसुद्धा होती! विशीतली पोरं, आणि दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी आपली नोकरी आणि जीव पणाला लावतात. गिरणगाव त्यांच्या मागं रस्त्यावर आलं, गोळीबार झाला, परळला कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या, मुंबईत दोनशेहून जास्त माणसं मेली.

इंडोनेशियानं मात्र मनात काही ठेवलं नाही. १९४६ मध्येच त्यांचे पंतप्रधान शारीर यांनी भारताला ५ लाख टन तांदूळ देऊ केला, बंगालच्या दुष्काळाला तेव्हा तीन वर्षंच झाली होती. १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला पाहुणे म्हणून आले ते सुकार्नोच.

माझं म्हणणं एवढंच की हे पाठ्यपुस्तकात यायला पाहिजे, आणि आपल्या गावांच्या इतिहासातही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची लष्करातली पेटी अजून माळ्यावर आहे त्यांनी ती एकदा उघडा. बर्मा स्टार किंवा इटली स्टार हे पदक असेल तर तो युद्धाचा. पण जनरल सर्व्हिस मेडलच्या रिबनवर 'एस. ई. एशिया १९४५-४६' (म्हणजे आग्नेय आशिया) अशी पट्टी असेल तर ते युद्ध संपल्यावर जावा, सुमात्रा किंवा सायगावच्या बाजूला होते. त्या पट्टीचा फोटो काढा, त्यांचं गाव आणि पलटण लिहून ठेवा, आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल ज्यानं त्यांच्या तोंडनं काही ऐकलंय, तर ते याच महिन्यात रेकॉर्ड करा.