फी घ्या, पण सल्ला आवरा

पणजी, मडगाव, फोंडा, कुठंही राहत असा, काहीच न विकणारा आर्थिक सल्लागार आता तुम्हाला गाठता येतो. पॉलिसी नाही, फंड नाही, पर्वरीतला फ्लॅटही नाही. घरातल्या पैशाअडक्याचा सगळा हिशेब बघून काय करावं एवढंच तो सांगतो आणि त्याची फी थेट तुमच्याकडून घेतो. डॉक्टर, वकील, भटजी यांच्याशी कसं वागायचं हे आपल्याला घरातूनच शिकवलेलं असतं. या नव्या प्राण्याशी कसं वागावं हे मात्र कुणी सांगितलेलं नाही, म्हणून हा प्रपंच.

फीचा आकडा ऐकलात की आधी दचका. समजा, तो वर्षाचे २५,००० म्हणाला. लगेच काही बोलू नका. चष्मा काढा, पुसा, परत लावा आणि मग विचारा, "पंचवीस हजार? नुसतं सांगायचे?" नारळ पाडणारा पाडेली निदान माडावर चढतो, त्याचा घाम तरी दिसतो, हा एसीत बसून लॅपटॉप बडवणार. बिचारा हिशेब मांडू लागेल: म्युच्युअल फंडांत तुमचे ४० लाख, सगळे रेग्युलर प्लॅनमध्ये, म्हणजे एजंटाचं कमिशन ज्यात धरलेलं असतं त्यात. कमिशनविना मिळणाऱ्या डायरेक्ट प्लॅनपेक्षा त्यांचा खर्च पाऊण टक्क्यानं जास्त धरला तरी वर्षाला ३०,००० रुपये तुम्ही आजही मोजताच आहात. याला बळी पडू नका. ते ३०,००० रोज थोडेथोडे एनएव्हीतून, म्हणजे फंडाच्या युनिटच्या किमतीतून, परस्पर जातात. त्यांच्यासाठी चेक फाडावा लागत नाही, आणि ज्याचा चेक फाडावा लागत नाही त्याला आपण खर्च म्हणत नाही. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून मिळतात हे खरं. पण इतकी वर्षं ज्याच्यावाचून काही अडलं नाही, त्याची आत्ताच घाई कसली?

दचकून झालं की घासाघीस. "बिल नको, रोख घ्या, पण काहीतरी कमी करा." तो म्हणेल, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमात रोख फी बसत नाही. लेखी करार करावाच लागतो, ठरावीक फी असेल तर एका कुटुंबाकडून वर्षाला १,५१,००० च्या वर घेता येत नाही, आणि ज्यांना सल्ला देतो त्यांनाच कमिशनवर काही विकताही येत नाही. इतके नियम ऐकून माणसाला संशय यायलाच हवा. तुमच्या एजंटानं आजवर कसलाही करार करून घेतला नाही, याला म्हणतात विश्वास! सल्लागाराचा आयएनए अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्या फंदात पडू नका. मूळ गाव कुठलं, कुळदेवता कुठली, काणकोणच्या अमक्यांचा कोण लागतो, एवढं विचारा. तुमच्याच देवस्थानचा महाजन निघाला तर चौकशी पुरी झाली.

मग तो माहितीचा तक्ता पाठवेल. घरखर्चाच्या रकान्यात ३०,००० लिहून मोकळे व्हा. चवथ, जत्रा, भाचीचं लग्न, मे महिन्यात मुंबईहून येऊन पंधरा दिवस मुक्काम ठोकणारे पाहुणे आणि त्यांच्यासाठी आणावी लागणारी इसवण मासळी हे त्यात धरायचं नसतं. ते नेहमीचे खर्च नव्हेत, फक्त दरवर्षी येतात. पॉलिसींचे कागद सोनाराच्या दुकानातून मिळालेल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीतून जसे आहेत तसे न्या. पिना गंजलेल्या, आपल्याकडच्या पावसात पानं एकमेकांना चिकटलेली, दोन बाँडांवर बुरशीची नक्षी, आणि मधेच कधीचं तरी फेडलेल्या स्कूटरच्या कर्जाचं पासबुक. ते सगळं त्याच्या स्वच्छ टेबलावर ओता आणि पंख्याखालची खुर्ची पकडा.

ठेवींचा विषय नाजूक. इथं आपण गोवेकर उरलेल्या देशापेक्षा वेगळे. पोर्तुगिजांच्या काळापासून चालत आलेल्या आपल्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, दोघांची निम्मी निम्मी. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५ए घातलं गेलं ते याचसाठी: पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे व्याज, भाडं, भांडवली नफा, दोघांच्या रिटर्नमध्ये अर्धं अर्धं दाखवायचं. म्हणजे ज्या ठेवी तुम्ही बायकोपासून इतक्या शिताफीनं लपवून ठेवल्यात, त्यांचं निम्मं व्याज दरवर्षी तिच्याच रिटर्नमध्ये जातं! सीएला माहीत, बँकेला माहीत, आयकर खात्याला माहीत. राहिली ती एकटी. तिच्याकडून फक्त ओटीपी मागून घ्यायचा.

सल्लागार म्हणेल, पुढच्या वेळी दोघं या. तुम्ही एकटेच जा. "तिला यातलं काही कळत नाही हो," हे वाक्य तयार ठेवा. वाड्यावरच्या बायकांची भिशी ती कित्येक वर्षं एक रुपया न चुकता चालवते, कुणाची पाळी कधी ते तोंडपाठ सांगते, पण तो वेगळा विषय.

एवढ्यात तो मृत्युपत्राचं काढेल. अशुभ बोलू नका म्हणून सांगा. मुलं असतील तर आपल्या वाट्यातल्या अर्ध्या भागाचंच काय ते मृत्युपत्रानं ठरवता येतं, उरलेला अर्धा कायद्यानंच मुलांचा, हे त्याच्याकडून ऐकून घेऊच नका. थोरल्याला सगळं भाट, म्हणजे माडांची बाग, आणि धाकट्यानं लग्न मनासारखं केलं नाही म्हणून त्याला नारळसुद्धा नाही, हा बेत तुमच्या मनात केव्हाचाच पक्का आहे. आजोबांच्या घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, अजून झालेली नाही, निम्मे वारस आखातात नाहीतर बोटीवर, आणि उरलेले एकमेकांशी बोलत नाहीत. तरी त्या घरातला तुमचा वाटा 'दीड कोटी' म्हणून मालमत्तेच्या रकान्यात सगळ्यात वर लिहा.

आता भाच्याची पॉलिसी. प्रत्येक घरात एक असते. नोकरी लागेपर्यंत करतो म्हणून भाचा एजंट झाला, नोकरी अजून लागायची आहे. वर्षाला ५०,००० चा हप्ता, २० वर्षं, शेवटी बोनस धरून १८ लाख. दहाचे अठरा होतात म्हटल्यावर तुम्ही सही केलीत. सल्लागार दोन बटणं दाबून दाखवेल की हा परतावा वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास पडतो. वर विम्याचं कवच १० लाखांचं, म्हणजे तुमच्यामागं घर दोनेक वर्षं चाललं तरी पुष्कळ. पुढचे हप्ते थांबवून ती पेड-अप करा आणि एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मेलात तरच पैसे देणारा विमा, घ्या, असं तो सुचवेल. इथं एकच प्रश्न टाका, "आणि मी जगलो तर काय मिळणार?" तो काही बोलायच्या आत दुसरा, "आणि बहिणीला काय सांगू?" पहिल्याचं उत्तर त्याच्याकडे असतं. दुसऱ्याचं नसतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्याकडेही नाही. बहुतेक पॉलिसी याच प्रश्नावर वीस वर्षं काढतात.

क्रेडिट सोसायटीचाही विषय निघेल. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विमा आहे, सोसायटीतल्या ठेवीला तोही नाही, असं तो घाबरवेल. म्हापसा अर्बनचं नाव काढेल, तिचा परवाना रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये रद्द केला ती. शांतपणे सांगा: ती बँक होती, ही सोसायटी आहे, आणि चेअरमनांच्या घरचा सत्यनारायण आपण कधी चुकवलेला नाही.

शेवटी चाळीस पानांचा अहवाल हातात येईल. रंगीत आलेख, निवृत्तीला किती लागतील त्याचा छाती दडपवणारा आकडा, आणि शेवटच्या पानावर करायच्या कामांची यादी. अहवालाची स्तुती करा. जावयाला दाखवा. यादीतलं सगळ्यात सोपं काम, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकायची एसआयपी, सुरू करा आणि बाजार पडला की बंद करा. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स २६,००० च्या खाली बंद झाला तेव्हा विकून मोकळे झालेले लोक शेअर बाजार कसा जुगार आहे हे आजही मोठ्या अधिकारानं सांगतात. तुम्हालाही तो अधिकार मिळवायचा आहे. सल्लागार फोन करून थांबा म्हणेल. ज्याला कमिशन मिळत नाही तो थांबा म्हणतोय, म्हणजे त्याचा यात नक्की काय फायदा, याचा विचार करत रात्र काढा आणि सकाळी विका.

वर्षानं आढाव्याची मेल येईल, सोबत पुढल्या वर्षाच्या फीची आठवण. आढाव्याला चवथीनंतर या, मग दिवाळीनंतर, मग गावची जत्रा उरकली की. फीबद्दल काहीच कळवू नका. करार आपोआप संपेल. त्याचा नंबर मात्र पुसू नका. भावानं घराची नोटीस पाठवली, किंवा बँकेतल्या मॅडमनी एफडी मोडून युलिपच्या, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या विम्याच्या, फॉर्मवर सही घेतली, की रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्मचे तीन तिरके फोटो टाका आणि खाली लिहा, "सर, एक छोटीशी शंका होती."