एकिन यांचं दुसरं वाक्य

बलात्काराबद्दल एखाद्या नेत्यानं बेताल बोलायचं. मग चार दिवस गदारोळ, निषेधाच्या पोस्टी, कुठे जोडे मारो आंदोलन. मग "माझ्या विधानाचा विपर्यास केला गेला". तेही चाललं नाही, तर "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो". पुढच्या आठवड्यात नवा विषय. पक्ष कुठलाही असो, देश कुठलाही असो, क्रम हाच.

लोकांनी चिडू नये असं मी म्हणत नाहीये. चिडायलाच हवं. पण ती चीड कुठवर जाते आणि कुठे थांबते, याबद्दल मला बोलायचंय. मी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात राहते, सेंट लुइसच्या पश्चिमेच्या उपनगरात, आणि ती अर्ध्यावर थांबली की पुढे काय होतं ते मी इथे राहून पाहिलंय.

१९ ऑगस्ट २०१२ला इथल्या एका टीव्ही वाहिनीवर टॉड एकिन यांची मुलाखत झाली. ते आमच्याच भागाचे खासदार, आणि तेव्हा रिपब्लिकन पक्षाकडून सिनेटची निवडणूक लढवत होते. समोर डेमोक्रॅट क्लेअर मॅककॅस्किल. प्रश्न सरळ होता: बलात्कारातून गर्भ राहिला तर गर्भपाताची परवानगी असावी का? एकिन म्हणाले की डॉक्टरांकडून त्यांना जे कळलंय त्यानुसार असं फार क्वचित होतं. बलात्कार खराखुरा असेल तर बाईच्या शरीराकडे ते सगळं बंद पाडायचे मार्ग असतात.

म्हणजे दिवस गेले असतील, तर तो बलात्कार खरा नव्हताच. ही समजूत एकिन यांनी शोधलेली नाही. गर्भ राहिला याचा अर्थ बाईची संमती होती, असं तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकांत लिहिलेलं सापडतं. विसाव्या शतकात जॉन विल्की नावाचे डॉक्टर, गर्भपातविरोधी चळवळीतले मोठे पुढारी, हेच शास्त्र म्हणून सांगत आले. प्रत्यक्षात १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रजननक्षम वयातल्या पीडितांमध्ये गर्भ राहण्याचं प्रमाण पाच टक्के निघालं होतं. वर्षाला अंदाजे ३२ हजार गर्भधारणा. एकिन तेव्हा संसदेच्या विज्ञान समितीवर होते.

पुढे काय झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. देशभर भडका उडाला. ओबामा म्हणाले, बलात्कार म्हणजे बलात्कार. पण एकिन यांना खरा दणका स्वतःच्या पक्षाकडून बसला. पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार रॉम्नी यांच्यासकट बहुतेक बड्या नेत्यांनी माघार घ्यायला सांगितलं, पैशाचा ओघ आटला. ते हटले नाहीत आणि नोव्हेंबरमध्ये सपाटून हरले. मॅककॅस्किल यांना जवळपास ५५ टक्के मतं, एकिन यांना ३९. शेजारच्या एका राज्यापलीकडे, इंडियानात, रिपब्लिकन पक्षाचेच सिनेटचे उमेदवार रिचर्ड मरडॉक यांचंही तेच झालं. बलात्काराच्या भयंकर प्रसंगातूनही जीव सुरू झाला तर ती देवाचीच इच्छा, असं ते ऑक्टोबरमधल्या वादसभेत म्हणाले आणि हातात आलेली जागा घालवून बसले. लोकांनी धडा शिकवला, असं सगळीकडे छापून आलं.

आता एकिन यांचं ते पुढचं वाक्य वाचा. मुलाखतीत ते थांबले नव्हते. पुढे म्हणाले, पण समजा तसं झालं नाही, शरीरानं ते थोपवलं नाही, तर? तर शिक्षा व्हायला हवी, पण ती बलात्काऱ्याला व्हावी, मुलावर हल्ला होता कामा नये.

म्हणजे त्या बाईनं ते मूल जन्माला घालायचं. पहिल्या वाक्यावर जगभर आरडाओरड झाली. या दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. आणि ज्या पक्षानं पहिल्या वाक्यासाठी त्यांना दार दाखवलं, त्याच पक्षानं त्याच महिन्यात टँपाच्या अधिवेशनात जाहीरनामा मंजूर केला. त्यात गर्भाच्या जीविताच्या हक्कासाठी घटनादुरुस्तीची मागणी होती आणि बलात्काराच्या अपवादाचा उल्लेखही नव्हता. दुसरं वाक्य पक्षाचं अधिकृत धोरण होतं.

माफीच्या जाहिरातीत एकिन यांनी स्वतःच हे सांगून टाकलंय. कॅमेऱ्याकडे बघत ते म्हणाले, चूक माझ्या शब्दांत होती, मनात नव्हती. ती जाहिरात मी तेव्हा पाहिली होती आणि अंगावर काटा आला होता, कारण माणूस खरं बोलत होता. त्यांच्या मते फक्त मांडणी चुकली होती. दोन वर्षांनी त्यांनी ती माफीही मागे घेतली.

२०१९ साली आमच्या विधिमंडळात गर्भपातबंदीचं विधेयक आलं. बलात्कार आणि घरातल्याच माणसाकडून झालेल्या अत्याचाराला त्यात अपवाद नव्हता. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला पाच ते पंधरा वर्षं तुरुंगवास. शेवटच्या चर्चेत बॅरी होव्हिस नावाचे आमदार, पूर्वाश्रमीचे पोलीस अधिकारी, बोलायला उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून "संमतीचे बलात्कार" असे शब्द गेले. झालं! देशभर बातम्या त्या दोन शब्दांच्या. त्यांनी लगेच सांगितलं की बोलताना चुकलो, तसा काही प्रकार नसतो. आणि त्याच दिवशी विधेयक ११० विरुद्ध ४४ मतांनी मंजूर झालं. मंजूर करणाऱ्या बाकीच्यांपैकी कुणाचीही जीभ घसरली नव्हती. त्यांची नावं कुणाला आठवतात?

२४ जून २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि काही मिनिटांत मिसुरीच्या त्या २०१९च्या कायद्यातली बंदी लागू झाली. बंदी अमलात आणणारं ते देशातलं पहिलं राज्य. एकिन आदल्या वर्षी वारले होते. त्यांचं दुसरं वाक्य आता राज्याचा कायदा होतं. माझ्या घरापासून मिसिसिपी नदी ओलांडली की इलिनॉय राज्य, तिथे दवाखाने आहेत, गाडीनं तासाभराच्या आतलं काम. पण राज्याच्या दक्षिणेकडच्या खेड्यातल्या, गाडी नसलेल्या, ज्यानं अत्याचार केला त्याच घरात राहणाऱ्या मुलीनं काय करायचं?

ती मुलगी मी कल्पनेतून काढलेली नाही. त्याच उन्हाळ्यात ओहायोतल्या दहा वर्षांच्या मुलीला गर्भपातासाठी इंडियानात न्यावं लागलं. दहा वर्षांची! बातमी आल्यावर नेते काय म्हणाले? ओहायोचे ॲटर्नी जनरल टीव्हीवर जाऊन या प्रकरणावर शंका घेऊन आले. खासदार जिम जॉर्डन यांनी "आणखी एक खोटं" असं ट्वीट केलं. दोन-चार दिवसांत आरोपीला अटक झाली आणि ट्वीट गुपचूप काढलं गेलं. पुढे त्या आरोपीनं गुन्हा कबूल केला, जन्मठेप झाली. आणि मुलीवर उपचार करणाऱ्या डॉ. केटलिन बर्नार्ड यांच्यामागे इंडियानाचे ॲटर्नी जनरल लागले. गोपनीयतेच्या मुद्द्यावर वैद्यकीय मंडळानं त्यांना तीन हजार डॉलर दंड केला. मुलगी खोटी ठरवता आली नाही, तर डॉक्टर सापडली.

एकिन हरले त्याच वर्षी, ऑक्टोबरअखेर, आयर्लंडमध्ये गॉलवेच्या रुग्णालयात आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार गेली. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, ती गर्भपात मागत होती, पण हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. "हा कॅथलिक देश आहे" असं तिला ऐकवलं गेलं. तिथले लोकही त्या वाक्यावर पेटले. पण ते बोलणाऱ्या परिचारिकेवर सगळा राग काढून घरी गेले नाहीत. असं बोलायला लावणारं कलम कुठलं ते त्यांनी शोधलं, गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी १९८३ची आठवी घटनादुरुस्ती धरली, आणि २५ मे २०१८ला ६६ टक्के मतांनी ती काढून टाकली. साडेपाच वर्षं लागली. सविताचे आईवडील बेळगावातून त्या मतदानाकडे डोळे लावून बसले होते.

आणि त्याच बेळगावात, डिसेंबर २०२१मध्ये कर्नाटक विधानसभेच्या अधिवेशनात, काँग्रेसचे आमदार रमेश कुमार यांनी बलात्कार टळत नसेल तर पडून मजा घ्यावी ही घाणेरडी म्हण ऐकवली आणि अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेले गृहस्थ हसले. दुसऱ्या दिवशी माफी, विषय बंद. मला त्या बोलण्याइतकाच त्या हसण्याचा राग येतो.

भारतातल्या कायद्याबद्दल एक गोष्ट मात्र इथल्या मैत्रिणींना मी नेहमी सांगते. १९७१च्या गर्भपात कायद्यात लिहिलंय की गर्भ बलात्कारातून राहिला असं बाईनं सांगितलं, तर त्याचा तिच्या मनाला गंभीर आघात झालाय असं गृहीत धरावं. तिनं सांगितलं तर! इकडे मिसिसिपी राज्यात बलात्काराचा अपवाद हवा असेल तर आधी पोलिसांत रीतसर तक्रार लागते. आपल्याकडे सगळं छान आहे असं नाही; चोवीस आठवडे उलटले की अल्पवयीन मुलींना हायकोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पण बाईच्या शब्दावर विश्वास ठेवणारं कलम लिहिता येतं, हे पन्नास वर्षांपूर्वीच दिसलंय.

मिसुरीत नोव्हेंबर २०२४ला आम्ही ५१.६ टक्क्यांनी राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क आणला. पुढच्याच मे महिन्यात विधिमंडळानं तो रद्द करणारा प्रस्ताव २०२६च्या मतदानासाठी मंजूर केला. या वेळी त्यात बलात्कारासाठी बारा आठवड्यांपर्यंत अपवाद ठेवलाय, आणि प्रचारात तोच पुढे केला जातो. आधीचा हक्क रद्द होणार हे मतपत्रिकेवरच्या मूळ सारांशात नव्हतंच, ते कोर्टानं लिहायला लावलं. या वेळी कुणी एकिनसारखं बोलणार नाही, सगळे शिकलेत. इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना मत आहे त्यांनी सारांशावर न थांबता अख्खा मजकूर वाचा. समजला नाही तर मला मेसेज करा, बसून एकत्र वाचू.