थकवा, पॅकेज आणि रिपोर्टवरचे बाण

कुटुंबाच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द बदलतात, मजकूर तोच. सतत थकवा असेल तर डॉक्टरांच्या चकरा मारू नका, कारण रक्तातच सापडतं. साठ-सत्तर तपासण्यांचं पॅकेज स्वतःच करून घ्या, रिपोर्टमध्ये जिथे बाण किंवा ठळक आकडा दिसेल तो तुमचा आजार. हिमोग्लोबिन ठीक तर रक्त ठीक. कमी असेल तर बीट, गूळ, खजूर. बी-१२ आणि डी सगळ्यांनीच घ्यावं, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. टीएसएच वर असेल तर थायरॉइडची गोळी, लिव्हरचे आकडे वाढले असतील तर गुळवेलीचा काढा. आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असतील तर तो थकवा नव्हे, आळस. उठा आणि पळायला लागा.

यातलं प्रत्येक वाक्य कुठून तरी उचललेल्या खऱ्या गोष्टीला चिकटलेलं आहे, म्हणून लोक ते मानतात. लॅबच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं काढल्यामुळे हा मेसेज दाखवत आलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

“बाण दिसला म्हणजे आजार”

रिपोर्टवर आकड्याशेजारी जी मर्यादा छापलेली असते ती बहुतेक तपासण्यांत अशी ठरते: निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची तपासणी करायची आणि मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ‘नॉर्मल’ धरायचे. म्हणजे उरलेली ५ टक्के माणसं धडधाकट असूनही बाहेर पडतात. एका तपासणीत हे चालून जातं. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टवरही निदान एक बाण येण्याची शक्यता ६४ टक्के होते, आणि ६० केल्या तर ९५ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात काही तपासण्या एकमेकींत गुंतलेल्या असल्याने हिशेब थोडा खाली येतो, पण पॅकेज जितकं मोठं तितके फुकटचे बाण जास्त, हे बदलत नाही.

काही बाण तर माणसाचे नसतातच, नळीचे असतात. रक्त काढताना पेशी फुटल्या की पोटॅशियम वाढलेलं दिसतं. काही जणांच्या प्लेटलेट्स सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या, नळीतल्या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात. मशीन त्या गुठळ्या मोजत नाही आणि आकडा भलताच खाली येतो. काचपट्टीवर बघितलं किंवा दुसऱ्या प्रकारच्या नळीत रक्त घेतलं की उलगडा होतो. तोवर घरी पपईच्या पानांचा रस सुरू झालेला असतो. थकव्यासोबत बारीक ताप असला की विडाल, म्हणजे टायफॉइडची तपासणी, करून घेतात. जुना संसर्ग, पूर्वीची लस किंवा दुसराच एखादा ताप यांनीही ती पॉझिटिव्ह येते. एएनए ही शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे का ते पाहणारी तपासणी १:४० इतक्या सौम्य पातळीवर सुमारे ३० टक्के निरोगी लोकांत पॉझिटिव्ह निघते, आणि ती वाचून कित्येक जण स्वतःला ल्युपस हा तसा आजार झाल्याचं ठरवून बसतात.

याची उलट बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. एखाद्या पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांचं हिमोग्लोबिन दोन वर्षांपूर्वी १५.४ होतं आणि आज १३.२ आहे असं धरा. १३ च्या वर आहे, म्हणून बाण नाही. पण दोन ग्रॅम गेले कुठे? जुना रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय हा प्रश्न कुणालाच पडणार नाही, आणि पॅकेजवाले जुना रिपोर्ट सहसा बघत नाहीत.

आणखी एक उदाहरण. साठीपुढची व्यक्ती, थकवा, कित्येक महिने न थांबणारी पाठदुखी. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी, ईएसआर (अंगातल्या सुजेचा अंदाज देणारा आकडा) शंभरीच्या आसपास, ग्लोब्युलिन (रक्तातली काही प्रथिनं) जास्त, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) किंचित वर. मेसेजच्या हिशेबाने हे चार आजार, चार उपाय, शिवाय पाठीसाठी कॅल्शियमच्या गोळ्या. डॉक्टरांना मात्र या चौघांत मिळून एकच शंका यायला हवी: मल्टिपल मायलोमा, अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग. त्यात हाडं विरघळून रक्तातलं कॅल्शियम बऱ्याचदा आधीच वाढलेलं असतं.

“हिमोग्लोबिन ठीक तर रक्त ठीक”

मेसेजमधलं सगळ्यात नुकसानकारक वाक्य हेच. लोह कमी पडायला लागलं की शरीर आधी साठा मोडतं आणि हिमोग्लोबिन जमेल तितकं टिकवून धरतं. घरखर्च बचतीतून चालू असताना बाहेरून काहीच कळत नाही, तसं. साठ्याचा अंदाज फेरिटिनवरून येतो. एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन १२.२ आणि फेरिटिन ८ असू शकतं. स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची सीमारेषा १२ ची, त्यामुळे बाण नाही. पण जिना चढताना धाप, केस गळणं, रात्री पायांत अस्वस्थता, दुपारी तीनला गळून जाणं, हे सगळं असतं. हिमोग्लोबिन पुरेसं पण फेरिटिन कमी अशा थकलेल्या स्त्रियांना लोह दिल्यावर थकवा उतरतो, हे चाचण्यांत दिसलेलं आहे.

फेरिटिनलाही खोड आहे. अंगात सूज किंवा संसर्ग असला की ते उगाच वाढतं, म्हणून संधिवाताच्या किंवा क्षयाच्या रुग्णात ते ४० आलं तरी साठा रिकामा असू शकतो. सोबत सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी तपासणी, बघायची ती यासाठी.

मग पेशींचा आकार. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी लहान होतात आणि एमसीव्ही, म्हणजे त्यांचा सरासरी आकार, घटतो. बी-१२ कमी असेल तर मोठ्या होतात. आपल्याकडे दोन्ही एकत्र असणारी माणसं भरपूर, आणि तेव्हा लहान-मोठ्यांची सरासरी चक्क नॉर्मल येते. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांतली तफावत, वाढलेला असतो. त्या ओळीकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

एमसीव्ही बराच कमी पण लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, असं असेल तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असण्याचा, विचार करावा लागतो. सिंधी, कच्छी, लोहाणा अशा काही समाजांत त्याचं प्रमाण जास्त आहे. अशा व्यक्तीला ‘रक्त वाढत नाही’ म्हणून वर्षानुवर्षं लोह दिलं जातं, जे तिला लागत नसतं. आणि लग्नाआधी जी गोष्ट कळायला हवी ती कळायची राहून जाते: दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात हीच काळजी सिकलसेलबाबत.

लोह कमी आहे हे कळलं तरी काम अर्धंच झालं. ते गेलं कुठे? पाळीत खूप रक्त जातं का, हे बायकांना कोणी विचारत नाही, आणि त्याही ‘असंच असतं’ म्हणून सोडून देतात. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं हे ‘असंच’ नाही. पुरुषात, किंवा पाळी गेलेल्या बाईत, लोह कमी झालं तर पोटात किंवा आतड्यात कुठे रक्त झिरपतंय का हे पाहिलंच पाहिजे. अल्सर, मूळव्याध, वेदनाशामक गोळ्या, आणि मोठ्या आतड्याचा कर्करोगसुद्धा. तिथे टॉनिकने हिमोग्लोबिन वाढवणं म्हणजे खूण पुसून टाकणं.

“बीट, गूळ, खजूर”

बिटाचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा, हिमोग्लोबिनशी त्याचं काही नातं नाही. १०० ग्रॅम बिटात लोह साधारण ०.८ मिलिग्रॅम, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे स्त्रीला रोज आहारातून लागतं २९ मिलिग्रॅम. नुसत्या बिटावर भागवायचं तर दिवसाला साडेतीन किलो. कोशिंबीर खुशाल खा, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयाचे निघालेल्या देशात हा सल्ला ‘उपचार’ म्हणून देऊ नये. जेवणावर लगेच चहा न पिणं आणि गोळी लिंबासोबत घेणं याने जास्त फरक पडतो. रोज गोळी सोसत नसेल तर एक दिवसाआड घेता येते का ते डॉक्टरांना विचारा. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं, असं स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासांत दिसलं आहे.

सलाईनचंही इथेच सांगून टाकते, कारण ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून द्या’ हा हट्ट गावोगाव आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, बाकी पाणी. त्याने रक्त वाढत नाही.

“बी-१२ आणि डी सगळ्यांनी घ्यावं, जास्त झालं तर निघून जातं”

बी-१२ बद्दल मेसेज बराचसा बरोबर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. शाकाहारी असाल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर शंका घ्यायलाच हवी.

पण आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या. लाल इंजेक्शनं टोचून आठवड्याने तपासणीला येणाऱ्यांचा आकडा हजाराच्या वर जातो आणि मूळ कमतरता होती की नाही हे कळायचं दार बंद होतं. नुसतं फॉलिक ॲसिड घेणं आणखी वाईट. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी, हातापायांना मुंग्या, तोल जाणं, तशीच चालू राहते.

डी जीवनसत्त्वाचं ‘निघून जातं’ हे तर सरळ चूक. ते चरबीत साठतं. आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायला देतात. ती समजुतीच्या घोळाने रोज घेणारे आढळतात. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी, मूत्रपिंडाला इजा. आणि थकवा, ज्यासाठी पुडी सुरू केली होती तोच.

“टीएसएच वर, तर गोळी”

टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) ५.८ आला आणि टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) नॉर्मल असेल तर पहिली गोष्ट म्हणजे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. हा आकडा दिवसभरात बदलतो, आजारपणानंतर तात्पुरता वाढतो, वयाबरोबरही थोडा वर सरकतो, आणि बऱ्याच जणांत आपोआप खाली येतो. ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर युरोपात झालेल्या ‘ट्रस्ट’ चाचणीत (२०१७) अशा सौम्य वाढीला गोळी देऊन थकव्यात फरक पडला नाही. टीएसएच १० च्या वर असेल किंवा बाई गरोदर असेल तर गोष्ट वेगळी. आणि हे वाचून चालू असलेली गोळी कोणी बंद करू नये.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देताना सांगा. काही मशीनवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे थायरॉइड अतिवेगाने चालल्याचं खोटं चित्र तयार होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनबद्दल जाहीर इशारा दिला होता.

“लिव्हरसाठी गुळवेल”

मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद राहू दे. यकृत आधीच कुरकुरत असताना, कारण ठाऊक नसताना, त्यावर रोज काढा ओतू नये इतकं तरी दोन्ही बाजूंना मान्य व्हावं. एसजीपीटी हा लिव्हरचा आकडा वाढण्यामागे फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, एखादं औषध, किंवा आदल्या दिवशी जिममध्ये केलेला जबर व्यायामही असतो.

“सगळं नॉर्मल? मग आळस”

पॅकेजमध्ये काय नसतं ते बघा. घोरता घोरता रात्रभर श्वास अडकणं, म्हणजे स्लीप ॲप्निया, रक्तात दिसत नाही. ॲलर्जीची किंवा रक्तदाबाची गोळी सुस्ती आणते हे दिसत नाही. नैराश्य दिसत नाही, आणि ‘मनाचं आहे’ म्हणून झटकून टाकावं असं ते नाही. त्यालाही उपचार आहेत.

शिवाय एमई/सीएफएस नावाचा आजार आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये त्याचे निकष मांडले: सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्वीसारखं जगताच न येणारा थकवा, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं, थोड्याशा श्रमानंतर, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी, अक्षरशः कोसळणं; आणि यासोबत डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, यांपैकी एक तरी. पुष्कळदा तो एखाद्या विषाणूच्या तापानंतर सुरू होतो. कोविडनंतर महिनोन्‌महिने अशीच लक्षणं सोसणाऱ्यांमुळे त्याकडे पुन्हा लक्ष गेलं. त्याचं निदान करणारी रक्ततपासणी आजही नाही. नेहमीचे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात, नाटक आहे.

या माणसाला ‘पळायला लाग’ सांगणं घातक आहे. ब्रिटनमध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा कार्यक्रम पूर्वी अधिकृतपणे सुचवला जायचा. तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये तो शिफारशीतून काढला. आता भर असतो तो अंगातली शक्ती पुरवून वापरण्यावर, म्हणजे कोसळण्याआधी थांबण्यावर. आंघोळ आणि स्वयंपाक एकाच सकाळी न करणं, हासुद्धा त्यात उपचाराचा भाग असू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना जुने-नवे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे पिशवीत घालून न्या, आणि थकवा कधीपासून, कशानंतर, कशाने वाढतो हे चार ओळींत लिहून न्या. वजन आपोआप उतरत असेल, संध्याकाळी ताप किंवा रात्री घाम येत असेल, शौच काळं होत असेल, मानेत-काखेत गाठ लागत असेल, किंवा त्वचा काळवंडून उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर पॅकेजवरच्या सवलतीची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा.